डाव्या चाकाचे एकवीस तास

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर येणेगूरच्या पुढे आमच्या जीपगाडीचं पुढचं डावं चाक निखळलं, तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पंचनाम्यात अपघाताची वेळ तीच आहे, आणि कागदापुरती ती बरोबरही आहे. पण चाक सुटायला सुरुवात झाली होती आदल्या दिवशी दुपारी, उमरग्यातल्या एका गॅरेजमध्ये. तिथून पुढे प्रत्येक तासाला ते थांबवता आलं असतं. थांबलं नाही, याचं कारण काम कुणी तपासलं नाही आणि काय केलं ते कुणी लिहिलं नाही.

हा घटनाक्रम नंतर जुळवला आहे. पैसे दिल्याचा मोबाईलवरचा मेसेज, फोनमधली कॉलची यादी, पेट्रोल पंपाची पावती, मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी आणि चाक बसवणाऱ्या पोराने स्वतः सांगितलेली हकिकत, एवढ्यांवर तो उभा आहे. गॅरेजचं नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, आणि मला सांगायचंय ते एका गॅरेजपुरतं नाही.

सकाळी १०:०० – अपघाताला २१ तास

उमरगा हे महामार्गाचं गाव. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला आणि पुढे मछलीपट्टणमला जाणारा हा रस्ता. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणत, आता ६५ म्हणतात. कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, पाटेवाले, डेंटिंगवाले आणि गॅरेजवाले. त्यांच्या बोलण्यात मराठी, दखनी आणि कानडी एकमेकींत मिसळलेली असते. मुख्य मिस्त्रीला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, आणि पुष्कळजण त्या नावाला खरोखर पात्र असतात.

आमच्या उस्तादांचं निदानही अचूक होतं. गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने चालताना ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता. त्यांनी चाक जॅकवर उचललं, एक हात स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं आणि सांगितलं, “बेअरिंग गेली. नवीन टाकावं लागतंय.”

गाडी माझ्या चुलत्यांची, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चालवतो त्यांचा मुलगा, माझा दादा. त्याने उस्तादांना स्पष्ट सांगितलं, “उद्या पहाटे आईला सोलापूरला न्यायचंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. आज संध्याकाळपर्यंत पक्कं काम व्हायला पाहिजे.”

“पाचला या भाऊ. फिकर नको.”

गाडी ठेवून घेतली. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, तक्रार काय, काम काय करायचं, कोण करणार, यातलं काहीही लिहिलं गेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे सगळं लिहिलेल्या कागदाला जॉब कार्ड म्हणतात. महामार्गावरच्या गॅरेजमध्ये ते फारसं दिसत नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त नडला तो हाच न लिहिलेला कागद.

दुपारी १:३० – साडेसतरा तास बाकी

दुपारी तलमोडच्या बाजूला एक ट्रक बंद पडला आणि उस्ताद तिकडे गेले. बेअरिंग बसवून झाली होती. राहिलं होतं फक्त चाक लावणं. ते काम हाताखालच्या पोराकडे आलं. त्याच्यामागे अजून दोन गाड्या रांगेत होत्या.

चाक लावणं हे गॅरेजमधलं सर्वांत साधं काम समजलं जातं, म्हणून ते नेहमी सर्वांत नवख्या हातात जातं. खरं तर त्यात समजून घ्यायला पुष्कळ आहे. आपल्याला वाटतं, नट म्हणजे चाक बाहेर पडू नये म्हणून लावलेला अडसर. तसं नसतं. नट आवळला की आतला स्टड केसभर ताणला जातो. त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबलं जातं, आणि त्या दाबामुळे दोन्ही पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं ओझं पेलतं. ताण कमी पडला की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ओझं येतं थेट स्टडवर. स्टड वाकण्यासाठी बनवलेलाच नसतो.

त्या दुपारी तीन गोष्टी चुकल्या. हबच्या तोंडावर गंज होता आणि बेअरिंग भरताना सांडलेलं ग्रीस होतं. तारेच्या ब्रशने ते पुसायला हवं होतं, ते तसंच राहिलं. दुसरं, पाच नटांपैकी एक नट हाताने दोन-तीन आटे फिरवून न घेता थेट एअर गनने मारला. तो तिरपा चढला आणि स्टडचे आटे कापत आत गेला. गनचा जोर एवढा असतो की तिरपा नटही ‘टर्रर्र’ करून बसतो आणि ऐकणाऱ्याला तो घट्ट वाटतो. तिसरं, बाकीचे चार नट समोरासमोर न आवळता ओळीने, गोल फिरत आवळले, तेही चाक हवेत असताना. गाडी खाली उतरवल्यावर पान्हा परत लागलाच नाही.

उस्तादांच्या भिंतीवर टॉर्क पान्हा नव्हता. हा पान्हा नट किती जोराने आवळला ते मोजतो आणि ठरलेला आकडा आला की ‘टक्’ वाजतो. छोट्या मोटारींना हा आकडा साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो, जीपगाड्यांना बहुधा त्याहून थोडा जास्त. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत छापलेला असतो.

आणखी एक गोष्ट जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. नेहमीच्या, उजव्या आट्यांचे नट गाडीच्या डाव्या बाजूला सैल पडण्याकडे जास्त झुकतात. म्हणूनच जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे दिलेले असत. आमचं चाक डावंच होतं.

दुपारी ३:०० – सोळा तास बाकी

गाडी धुतली गेली. टायरला पॉलिश मारलं गेलं. व्हील कॅप ठोकून बसवली, आणि पाचही नट तिच्याआड गेले.

दिसणारं नवं आणि झाकलेलं कच्चं, हे मोठ्या कामातही घडतं. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल कोसळला आणि १३५ माणसं गेली. तो पूल दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी, २६ ऑक्टोबरला, लोकांसाठी उघडला होता. तपासात निघालं की पायाखालच्या फळ्या नव्या होत्या, पण वरच्या मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत पुलावर गेलेल्या माणसाला नवी फळी दिसत होती. तार तपासायची जबाबदारी त्याची नव्हती, ती दुरुस्ती करणाऱ्याची होती. एका गाडीच्या कामातही न्याय तोच. दिसणारा भाग ग्राहक पाहतो. न दिसणाऱ्या भागासाठीच तो मिस्त्रीला पैसे देतो.

सायंकाळी ५:४० – तेरा तास वीस मिनिटं बाकी

पैसे दिल्याचा मेसेज ५:४० चा आहे. बिल म्हणून एका दुकानाच्या कार्डाच्या पाठीमागे नुसती बेरीज लिहून दिली होती. बेअरिंग कोणत्या कंपनीची, मजुरी किती, वॉरंटी काय, यातलं एकही अक्षर त्यावर नव्हतं. दादाने बिल मागितलं. उत्तर आलं, “बिल लागलं तर जीएसटी लागंल भाऊ. कशाला पैसे घालवता?” जुनी बेअरिंग मागितली, तर ती भंगारच्या डब्यात गेली होती.

हे उत्तर आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासं झालंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेचं बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मिळणं हा आपला हक्क आहे. त्याच्यासाठी कुणाची मर्जी राखायची नसते.

उस्ताद अजून ट्रकवरून परतले नव्हते. चाव्या पोरानेच दिल्या. ज्या माणसाच्या शब्दावर गाडी ठेवली होती, त्याने ती परत देताना पाहिलीच नाही.

सायंकाळी ६:३० – साडेबारा तास बाकी

आमचं गाव उमरग्यापासून पंधरा किलोमीटर आत, लोहाऱ्याच्या बाजूला. रस्ता खडबडीत. बेअरिंगचा ‘घूंऽऽ’ आवाज बंद झाला होता, आणि त्यामुळे काम झालं असंच सगळ्यांना वाटलं.

पण त्या पंधरा किलोमीटरमध्ये हबवरचा गंज आणि ग्रीस दाबलं गेलं. जेवढा थर दबला, तेवढा स्टडचा ताण उतरला. तिरप्या चढलेल्या नटाने तर सुरुवातीपासून काही धरलंच नव्हतं. म्हणजे पाचांचं ओझं चौघांवर आलं. जीपगाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेतं. घरी पोचेपर्यंत साडेसहा हजारांच्या वर फेरे झाले होते, आणि प्रत्येक फेऱ्याला चार स्टड थोडे थोडे वाकत होते.

रात्री ९:१० – नऊ तास पन्नास मिनिटं बाकी

जेवणानंतर गाडी रस्त्यावरून वाड्याच्या आत घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. त्या वळणावर दादाला आवाज आला. ‘कट्’. थोडं पुढे, पुन्हा ‘कट्’. त्याने गाडी थांबवली, मोबाईलच्या उजेडात खाली पाहिलं. व्हील कॅप जागेवर, टायर स्वच्छ, गळती नाही. त्याने लगेच गॅरेजला फोन लावला. कॉलच्या यादीत वेळ ९:१० आहे, बोलणं दोन मिनिटांच्या आतलं.

“उस्ताद, वळताना कट् कट् वाजतंय.”

“नवीन बेअरिंग हाय भाऊ. बसंपर्यंत वाजतंय जरा.”

“पहाटे सोलापूरला जायचंय. जाऊ ना?”

“बिनधास्त जावा. काय झालं तर मी हाय की.”

या बोलण्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. ग्राहकाने जे करायला हवं ते दादाने केलं होतं. आवाज ओळखला, वेळेवर कळवला, नेमका प्रश्न विचारला. कमी वेगात, वळताना येणारा ‘कट्’ आवाज हे सैल नटाचं एक लक्षण असतं. ज्याचं पोट गाड्यांवर आहे त्याला ते माहीत असायलाच हवं. फोनवर एक वाक्य पुरेसं होतं: “कॅप काढा, गाडीतला पान्हा घ्या, पाचही नट आवळून बघा, एक जरी फिरला तर गाडी हलवू नका.” त्याऐवजी मिळाला तो दिलासा. तपासल्याशिवाय दिलेला दिलासा हा कच्च्या कामाचाच पुढचा भाग असतो, आणि माझ्या मते पहिल्या चुकीपेक्षा तो मोठा अपराध आहे. चूक घाईत होते. हा शब्द मात्र त्यांनी शांतपणे दिला होता.

मध्यरात्र – सात तास बाकी

गाडी वाड्यात उभी आहे. उभ्या गाडीत बिघाड वाढत नाही, पण भरूनही येत नाही.

असा लपलेला बिघाड वर्षानुवर्षं वाट पाहू शकतो. दुसऱ्या विमानाशी धडक न होता एकाच विमानाच्या अपघातात गेलेले जगातले सर्वाधिक बळी एका कच्च्या दुरुस्तीने घेतले आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. २ जून १९७८ रोजी जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी ओसाकाच्या धावपट्टीवर घासली. मागच्या बाजूची, प्रवासी भागातला हवेचा दाब अडवणारी मोठी घुमटाकार भिंत दुखावली. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या पथकानेच ती दुरुस्त केली. भिंतीचे दोन भाग जोडताना मध्ये एक सलग पट्टी घालून तिच्यावरून रिव्हेटच्या ओळी जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ती पट्टी दोन तुकड्यांत कापून बसवली गेली, आणि जिथे दोन ओळींनी भार उचलायचा होता तिथे तो एकाच ओळीवर आला. वरून पाहणाऱ्याला जोड पूर्ण दिसत होता.

ते विमान त्यानंतर सात वर्षं, १२ हजारांहून जास्त वेळा उडालं. प्रत्येक उड्डाणात भिंत ताणली जायची, उतरल्यावर सैलायची, आणि तडा केसभर पुढे सरकायचा. १२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी ६:१२ ला ते टोकियोहून निघालं. ६:२४ ला भिंत फुटली, शेपटीचा उभा पंख उडाला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणांचं तेल वाहून गेलं. वैमानिकांनी फक्त इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते अर्धा तास हवेत ठेवलं. ६:५६ ला ते डोंगरावर आदळलं. ५२४ पैकी ५२० जण गेले.

रिव्हेटची एक ओळ आणि चाकाचा एक नट यांतलं यंत्रशास्त्र एकच आहे. ज्याने ओझं उचलायचं तो उचलत नसेल, तर ते मुकाट शेजाऱ्यावर जातं, आणि शेजारी थकेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही.

पहाटे ५:१५ – पावणेदोन तास बाकी

सोलापूरच्या दवाखान्यात नऊ वाजता हजर व्हायचं होतं. दादा स्टिअरिंगवर, अण्णा त्याच्या शेजारी डाव्या सीटवर, मागे काकू आणि मी. थंडीचे दिवस, सहा वाजून गेले तरी अंधार सरत नव्हता.

सकाळी ६:०० – एक तास बाकी

उमरग्यात पंपावर डिझेल घेतलं. पावतीवर ६:०२ आहे. गॅरेजचं शटर बंद होतं. महामार्गावरची गॅरेजं नऊ-दहाशिवाय उघडत नाहीत. दादाने तिथून पुन्हा फोन लावला, तो उचलला गेला नाही. आवाज रात्रीपेक्षा वाढलेला नव्हता, आणि ज्याचं काम होतं त्याने “बिनधास्त जावा” म्हणून सांगितलं होतं.

सकाळी ६:३५ – पंचवीस मिनिटं बाकी

दाळिंबच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. साठच्या वर वेग गेला की थरथर, खाली आला की बंद. दादाने वेग पन्नासच्या खाली आणला आणि ठरवलं की येणेगूरला गाडी थांबवून बघायची. थरथर वेगाबरोबर येते-जाते, हे लक्षण चाकाचा तोल बिघडल्याचंही असतं. आतून हा फरक कळत नाही. हे लक्षण आलं की गाडी सुरक्षित जागी थांबवून नटांना पान्हा लावणं हा एकच मार्ग असतो.

सकाळी ६:५० – दहा मिनिटं बाकी

येणेगूरपाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. एकामागे एक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवे नाहीत. डाव्या बाजूला गाडी घ्यायला जागाच नव्हती. रांग ओलांडल्यावर पुढे एक ढाबा आहे, तिथे थांबायचं असं दादा म्हणाला. तेवढ्यात ‘कट्’ पुन्हा सुरू झालं, आता सरळ चालतानाही, आणि एकामागून एक. चारपैकी पहिला स्टड बहुधा इथेच तुटला.

सकाळी ७:००

दादाने डावा इंडिकेटर दिला आणि वेग कमी करत गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. उरलेले स्टड एका दमात तुटले. पुढचा डावा कोपरा खाली आदळला, लोखंड डांबरावर घासत गेलं, ठिणग्या उडाल्या आणि गाडी डावीकडे ओढली गेली. ब्रेकचा पायडल तळाला गेला होता. मोरीच्या कठड्याला डावी बाजू धडकली आणि गाडी कलंडली.

सुटलेलं चाक गाडीच्या पुढे पळालं, रस्ता ओलांडून पलीकडच्या तुरीच्या शेतात जाऊन पडलं. टायरसकट त्याचं वजन पंचवीस-तीस किलो. त्या क्षणी समोरून दुचाकीवर कुणी येत असतं, तर ही हकिकत वेगळी लिहावी लागली असती.

अण्णांचं डावं कोपर दार आणि कठडा यांच्यामध्ये चिरडलं. काकूंच्या खांद्याचं हाड मोडलं. दादाच्या कपाळाला टाके पडले. मी पट्टा लावून बसलो होतो, मला मुका मार लागला.

सकाळी ७:०५ पासून पुढे

ट्रॉल्यांवरची माणसं धावून आली. त्यांनीच दार उचकटलं, १०८ ला फोन केला आणि मागून येणारी वाहनं थांबवली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ नये, असं मोटार वाहन कायद्यातच आता लिहिलेलं आहे. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही आहे. उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पहिले उपचार झाले. तिथून अण्णांना सोलापूरला हलवलं. कोपरात पट्टी आणि स्क्रू बसवले. हात आता अर्ध्याच्या पुढे वाकत नाही. जन्मभर शेती केलेला माणूस आहे, त्यांना त्या हाताने खुरपं धरता येत नाही.

तपासणीत काय दिसलं

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली तेव्हा मी तिथे उभा होतो. त्यांनी हबवरचे तुटलेले स्टड बोटाने दाखवले. तीन स्टडांच्या तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि काळपट होता, त्यावर एकाच कडेपासून पसरत गेलेल्या बारीक वर्तुळाकार रेघा. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू पुढे सरकलेला तडा, खरखरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम झालेला तुकडा. चौथा स्टड पूर्ण खरखरीत होता, म्हणजे तिघे गेल्यावर तो एकटाच राहिला आणि एका झटक्यात गेला. पाचवा स्टड मोडलाच नव्हता. त्याचे आटे सोलून निघाले होते आणि नट त्यावरून नुसता ओढला गेला होता. चाकाची गोल भोकं लांबट झाली होती.

एवढ्याशा लोखंडावर सगळी हकिकत कोरलेली होती. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: अपघातानंतर तुटलेला भाग कुणालाही नेऊ देऊ नका. आमच्या गाडीकडे दुपारीच गॅरेजचा माणूस “सामान बघून घेतो” म्हणत आला होता. दादाच्या मित्राने त्याला हात लावू दिला नाही.

गॅरेजचं म्हणणं पुढे तीनदा बदललं. आधी, गाडीत ओझं जास्त होतं. मग, खड्ड्यात आदळली असेल. शेवटी, गाडी आमच्याकडे आलीच नव्हती. या शेवटच्या वाक्याला उत्तर होतं फक्त ५:४० च्या मेसेजचं आणि ९:१० च्या कॉलचं. जॉब कार्ड असतं, तर ते वाक्य बोलायची हिंमतच झाली नसती.

आता वाचकांसाठी

अशा प्रकरणात कायदा आपल्या बाजूचा आहे, तो वापरा. आधी गॅरेजला लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते, म्हणजे हैदराबादला झालेल्या कामाची तक्रार धाराशिवला करता येते. वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दुरुस्तीच्या दोषामुळे इजा झाली तर २०१९ च्या कायद्याने सेवा देणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकलेली आहे, फक्त मजुरी परत करून तो सुटत नाही.

पण आयोगापर्यंत जाण्याची वेळ येऊ नये हे जास्त महत्त्वाचं. गाडी देताना वहीच्या एका पानावर का होईना, काम लिहून मिस्त्रीची सही घ्या आणि त्याचा फोटो काढा. जुना भाग परत मागा. सुट्या भागाच्या खोक्याचा फोटो घ्या. चाक काढलं असेल, तर गाडी जमिनीवर उतरल्यावर, कॅप बसवण्याआधी, पाचही नटांना तुमच्या डोळ्यांसमोर हाताचा पान्हा लावायला सांगा. नाही म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढू नका.

उस्तादांनाही माझं सांगणं आहे. तुमच्या हातात कसब आहे, आणि या महामार्गावरची हजारो माणसं रोज त्या कसबावर जीव टाकून जातात. एक टॉर्क पान्हा आणि एक जॉब कार्डची वही यांचा खर्च एका क्लच प्लेटच्या कामातून निघतो. पोराला काम शिकवा, पण त्याने लावलेलं चाक तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय बाहेर सोडू नका. आणि रात्री नऊ वाजता फोनवर कुणी म्हणालं “कट् कट् वाजतंय”, तर “बिनधास्त जावा” हे शब्द तोंडातून काढू नका.

शेवटची गोष्ट ज्यांच्या गाडीचं चाक गेल्या आठवड्यात कुठल्याही कारणाने निघालं होतं त्यांच्यासाठी, मग ते साधं पंक्चर का असेना. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात. तुम्ही घेतले नसतील, तर आजच घ्या.